नावल वाचणारी मुलगी

दिवाळी अंक घरात आला की तो कोणी कोणाच्या आधी वाचायचा, याचा प्रत्येक घरात एक अलिखित क्रम असतो. आमच्या पाचोऱ्याच्या घरी तो असा होता: पहिल्या दिवशी वडील राशिभविष्य पाहत, मग काका व्यंगचित्रे आणि राजकारणावरचा लेख उरकीत, त्यानंतर चार दिवस अंक आजोबांच्या उशाशी. आम्हां पोरींच्या हाती तो येई तो देवदिवाळीच्या सुमारास, आणि तोही मधली काही पाने टाचणीने टोचून बंद केलेला. ती बंद पाने म्हणजे संपूर्ण कादंबरी! टाचणी अलगद काढायची, वाचून व्हायचे, आणि पुन्हा त्याच भोकांतून ती घालून ठेवायची, ही कला मी वयाच्या अकराव्या वर्षीच हस्तगत केली होती.

आईचा नंबर या क्रमात कुठेच नव्हता. ती काही वाचते असे आम्हांला कोणालाच वाटत नसे.

१९९६ साली मी दहावी झाले. जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक. शेकडा अडुसष्ट गुण पडले होते. वरखेडीची एक मैत्रीण त्या वेळी पी. जे. गाडीने शाळेत येई. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी आगगाडी. २०२० च्या टाळेबंदीपासून ती बंद आहे, पण तेव्हा ती ऐटीत शिट्टी फुंकीत जा-ये करी. या मैत्रिणीचा भाऊ जळगावला शिकायला होता. त्याच्या खोलीतल्या कादंबऱ्या तिच्या दप्तरातून माझ्या दप्तरात आणि तेथून माझ्या गोधडीखाली येत. निकालानंतरच्या आठवड्यात त्यांतली एक काकांना सापडली. ओसरीवर बैठक बसली. पुस्तक हातोहात फिरले. कोणी उघडले मात्र नाही. “कादंबऱ्यांनी पोरी बिघडतात,” काका म्हणाले, आणि माझे कॉलेज तेथेच संपले. लेखकाचे नाव मी सांगत नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आई आत भाकरी थापीत होती. तिने हात थांबवला नाही की तोंडातून शब्द काढला नाही.

पुढे मी एका खाजगी शाळेच्या बालवर्गात शिकवू लागले, आणि ज्या वस्तूपायी शिक्षण गेले तीच वस्तू स्वतः तयार करू लागले. सात कादंबऱ्या झाल्या, सगळ्या प्रेमाच्या. त्या थोर आहेत असा माझा दावा नाही, पण वाचनालयात त्यांची पाने सुटी होईपर्यंत त्या फिरतात.

हे सगळे सांगण्याचे कारण गेल्या वर्षी जूनमध्ये घडले. माझ्या हाताखाली अ-आ-ई गिरवून गेलेली एक मुलगी आता अकरावीत आहे. तिची आई संध्याकाळी घरी आली, आणि पिशवीतून एक पुस्तक काढून तिने माझ्यापुढे ठेवले. “बाई, बघा, पोरगी काय वाचते! उशीखाली होतं. तुम्हीच आता तिला चार शब्द सांगा.” मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले होते आणि पहिली चार पानेही. पण पाचव्या पानाची पहिली ओळ वाचायची मला गरज नव्हती. ती माझीच होती.

त्या माउलीला मी काय उत्तर दिले ते पुढे येईलच. पण त्या रात्री झोप लागेना. कादंबऱ्यांनी पोरी बिघडतात, हे वाक्य मी दोन वेळा ऐकले. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली, तरी त्यातला शब्द बदलला नाही. मग हे वाक्य मुळात बोलले कोणी? ते शोधायला मी लागले, आणि शोधता शोधता थेट दीडशे वर्षे मागे गेले.

आधी एक गंमत. आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द आला कोठून? सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक गद्य प्रेमकथा लिहायला घेतली. ती त्याच्या हातून अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने पुरी केली. तिची नायिका गंधर्वकन्या, चंद्रापीड राजपुत्रावर जीव जडवून बसलेली. तिचे नाव कादंबरी. इंग्रजी ‘नॉव्हेल’ला आपल्याकडे प्रतिशब्द हवा झाला तेव्हा आपण चक्क त्या मुलीचे नाव उचलले. आमच्या काकांना हे ठाऊक असते तर त्यांनी हा शब्दही घरात उच्चारू दिला नसता.

सुरुवातीला मात्र आपल्याकडे ‘नावल’ असाच शब्द रुळला होता. बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. विधवांच्या दैन्याची ती हकीकत, तीत प्रेमाला फारशी जागा नाही. प्रेम आले ते लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांच्या ‘मुक्तामाले’त, १८६१ साली, आणि पाठोपाठ नारो सदाशिव रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’त. नायिकांची अतोनात संकटे, ताटातुटी, कपटी माणसे, योगायोगांचा पाऊस, आणि शेवटी मीलन. आज ती पुस्तके हाती घेतली तर भाषा दाताखाली खड्यासारखी येते. पण त्या काळी लोकांनी ती उचलून धरली, आणि उचलून धरली म्हणूनच शहाण्यांच्या कपाळाला आठी पडली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल आणि नाटक या विषयावर एक निबंधच लिहिला आणि या असंभाव्य कथांचा समाचार घेतला. मराठीतली कादंबरी जेमतेम पंधरा वर्षांची झाली नव्हती तोच तिला पहिला मास्तर भेटला!

दुसरा भेटला तो आमच्या खानदेशाशी नाते असलेला, आणि त्याने मला चकित केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे नाव घेतले की डोळ्यांपुढे काय येते? फाटके दप्तर, मोडी कागद, तापट स्वभाव. १९२६ साली धुळ्यास त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. या मनुष्याने १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर दीर्घ निबंध लिहिला आहे. त्यात ते वास्तविक आणि अद्भुत असे कादंबरीचे भेद पाडतात, आणि एखाद्या ऐतिहासिक कागदाकडे पाहावे तितक्या गंभीरपणे या ‘पोरी बिघडवणाऱ्या’ वस्तूकडे पाहतात. आमच्या गावात राजवाड्यांचे नाव सभेत निघते. हा निबंध कधी निघालेला मी ऐकला नाही.

पण मराठे काय, राजवाडे काय, लिहिणारे सारे पुरुष. ज्या मुलीच्या नावाने एवढी काळजी वाहिली जाते ती कुठे आहे? ती निबंध लिहीत नाही. वाचनालयाच्या रजिस्टरात तिचे नाव नसते. मी स्वतः वडिलांच्या नावावरच्या कार्डावर पुस्तके आणली. तेव्हा माझ्या गावच्या वाचनालयाच्या इतिहासात माझे वडील हे प्रेमकथांचे मोठे रसिक म्हणून अमर झालेले असतील. जुन्या काळी याहून निराळे काय असणार?

कोठे कोठे मात्र ती दिसते. काशीबाई कानिटकर १८६१ मध्ये, म्हणजे ‘मुक्तामाला’ निघाली त्याच वर्षी, जन्मल्या. लहानपणी लग्न झाले, अक्षरओळख त्यानंतरची. आणि ती बाई पुढे ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिते! हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्येही ती दिसते. ही गोष्ट १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येऊ लागली, आणि यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते अशी तिची मांडणी आहे. लिहिणारा पुरुष, पण बोलणारी ती. ओटीवर अंक वाचला जात असता आतल्या दाराशी उभी राहून ज्या मुलींनी यमूचा आवाज ऐकला असेल, त्यांना काय वाटले असेल? ते कोणी लिहून ठेवले नाही. मग ‘मनोरंजन’ मासिक आले, आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक. सणाच्या फराळाबरोबर गोष्ट वाचायची ही आपली चाल तेव्हापासूनची. टाचणीही बहुधा तेव्हापासूनचीच असावी.

फडके-खांडेकरांचा काळ मी थोडक्यात उरकते, कारण त्यांच्याविषयी तुम्ही पुष्कळ वाचले आहे. ना. सी. फडक्यांच्या ‘जादूगार’ने आणि ‘दौलत’ने १९२८-२९ च्या कॉलेजातल्या मुलामुलींना वेड लावले. त्यांच्या गोष्टीतले बंगले आणि बागा यांचा आमच्या कपाशीच्या गावाशी काही संबंध नाही. पण वाक्य कसे सुटसुटीत लिहावे हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे प्रेमिक एकमेकांना भेटले तरी समाजाविषयी बोलतात. माझ्या मैत्रिणी ती पाने वगळीत. मी वगळली नाहीत, पण भराभर वाचली.

मला थांबायचे आहे ते १९३३ पाशी. त्या वर्षी ह. वि. मोट्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखिका विभावरी शिरूरकर. या नावाची बाई महाराष्ट्रात कोणाच्या ओळखीची नव्हती. गोष्टी कोणत्या? शिकल्या-सवरलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबत चाललेल्या मुलींच्या. ज्यांच्या पगारावर घर चालते म्हणून ज्यांच्या लग्नाची कोणाला घाई नाही, अशा मुली. त्यांना मन आहे, आणि शरीरही आहे, एवढेच त्या पुस्तकाने सांगितले. केवढा गहजब उडाला! ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. पुरुषच असला पाहिजे असेही तर्क झाले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, म्हणून शिरूरकर. आणि व्यवसाय? शिक्षिका. माझ्यासारख्या बाईला हे वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको. शाळेत शिकवणाऱ्या बाईने प्रेमाविषयी लिहायचे तर नाव पुसून लिहायचे. मी सात कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहू शकले त्याला त्यांचे ते नाव लपवणे कारण झाले आहे, असे मी मानते. आणि पहा, आजवर जे प्रेमाच्या गोष्टींना नाके मुरडीत आले, त्यांची तक्रार होती की या गोष्टी खोट्या असतात. विभावरीबाईंनी खऱ्या लिहिल्या, तर तक्रार झाली की त्या खऱ्या आहेत!

आता या शोधातला सर्वांत नवलाचा टप्पा. आणि तो नेमका एका दिवाळी अंकाचाच आहे.

१९६२ च्या दिवाळीत पुण्याच्या ‘रंभा’ मासिकाने आपला अंक काढला. त्यात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी होती. नायक कवी, आणि त्याच्या प्रेमाच्या कहाण्या. एका गृहस्थांनी फिर्याद केली, की हे लेखन अश्लील आहे आणि वाचकांची, विशेषतः तरुण वाचकांची, मने नासवणारे आहे. तेच आमच्या काकांचे वाक्य. फक्त आता त्याला कोर्टाचे तिकीट लागले होते. खालच्या कोर्टाने सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये ही रक्कम मोठी नव्हे. पण डाग तो डागच, आणि काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या काळी वारे त्यांच्या बाजूचे नव्हते. अश्लीलता मोजायचे आपले माप १८६८ च्या एका इंग्रज खटल्यातून आलेले: पुस्तक ज्यांच्या हाती पडण्याचा संभव आहे त्यांतल्या कच्च्या मनाच्या वाचकावर त्याचा काय परिणाम होईल, ते पाहा. म्हणजे पुन्हा तीच मुलगी! १९६४ साली याच मापाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती.

‘श्यामा’चा निकाल ऑगस्ट १९६९ मध्ये लागला, आणि काकोडकर सुटले. न्यायमूर्तींनी जे म्हटले त्याचा मथितार्थ मी माझ्या शब्दांत देते. पूर्वी लेखक अविवाहित मुली डोळ्यांपुढे ठेवूनच लिहीत. समाज आता तेथे राहिलेला नाही. कादंबरीत स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून ती किशोरवयाच्या मुलांना वर्ज्य ठरवायची, तर त्यांना एकही कादंबरी वाचता यायची नाही. केवळ धार्मिक पुस्तके वाचत बसावे लागेल. आणि जाता जाता त्यांनी एक चिमटाही काढला: ही गोष्ट वाङ्मय म्हणून उच्च दर्जाची नसेल, लेखकाची अभिरुची कच्ची असेल, पण तिने कोणी बिघडेल असे काही आम्हांला दिसत नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाकडून सुटका मिळावी आणि तिच्याच कागदावर असे परीक्षणही छापून यावे, हे भाग्य दुसऱ्या कोणा मराठी कादंबरीकाराला लाभले असेल असे वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर पेढे वाटले असते, पण निकालाची प्रत पाहुण्यांना दाखवली नसती.

आणि त्याच १९६९ च्या डिसेंबरात ‘दो रास्ते’ चित्रपट आला. राजेश खन्ना, मुमताज. कथा याच काकोडकरांची, त्यांच्या ‘निलांबरी’ कादंबरीवरून घेतलेली. ज्यांच्या लेखणीने तरुण मने नासतात म्हणून सात वर्षे कोर्टकचेरी चालली, त्यांचीच गोष्ट पडद्यावर पाहायला आज्या, सुना, नातवंडे डबे बांधून गेली. पुढे १९७८ चा ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ हाही त्यांच्याच कादंबरीवरचा. आमच्या काकांना तो फार आवडे.

याच सुमाराला, १९७५ साली, माझी आई लग्न होऊन पाचोऱ्यास आली. सातवी पास. तिचा भाऊ भुसावळला रेल्वेत होता, आणि गाडीत कोणी विसरून गेलेली मासिके तो कपाटात अंथरायला म्हणून बहिणीकडे देई. २०११ मध्ये आम्ही गव्हाची जुनी पत्र्याची कोठी मोडीत काढली. तळाशी पोथीच्या लाल बासनात बांधलेले काहीतरी होते. मला वाटले, शिवलीलामृत. सोडून पाहते तो अकरा अंक, मुखपृष्ठे नसलेले, आणि प्रत्येकात एकाच जागी पाने दुमडून दुमडून मऊ झालेली. कोणती जागा, ते सांगायला नकोच.

मी आईकडे पाहिले. ती गहू निवडीत होती. मान वर केली नाही. “मग त्या दिवशी बोलली का नाहीस?” मी विचारले. आई अहिराणीतच बोलते. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा, की पोरी बिघडत नाहीत असे मी सांगितले असते, तर सगळ्यांनी मलाच विचारले असते, तुला कसे ठाऊक?

या उत्तराचा मला त्या वेळी राग आला होता. आज येत नाही. बासन पुन्हा बांधून मी माझ्या कपाटात ठेवले आहे.

नंतरची कहाणी तुम्हांला माहीत आहे. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. पुण्याच्या कॉलेजकट्ट्याची ती गोष्ट जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांतून पानेपाने होऊन फिरली. २००४ मध्ये मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आली. नववीतल्या मुलाचे प्रेम, आणि तेही आणीबाणीच्या दिवसांत. ती तर मास्तर लोकच एकमेकांना भेट देऊ लागले! कायद्याचे ते जुने इंग्रजी माप २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेच बाजूला ठेवले. भारतीय दंडसंहिता गेली, तिच्या जागी २०२४ पासून न्यायसंहिता आली. अश्लील पुस्तकांचे कलम तीत आहेच. आणि मुली आता मोबाईलवर रोज एक भाग अशी प्रेमकथा वाचतात. पुढचा भाग येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागतो, ‘करमणूक’च्या वाचकांचा लागे तसाच. तेथे टाचणी लावायची सोय नाही.

त्या माउलीला मी सांगितले, “आधी तुम्ही वाचा. सगळी वाचा, मधलीच पाने नको. मग वाईट काय ते मला दाखवा, मी पोरीला बोलते.” पुस्तक कोणाचे ते सांगितले नाही. तिला हे उत्तर पसंत पडले नसावे. पण पुस्तक पिशवीत घालून ती गेली.

तीन आठवड्यांनी मुलगी आली. दारातच घुटमळली. मला वाटले, घरी काही झाले.

“बाई, आईला सांगा ना. माझी शेवटची दोन प्रकरणं राहिलीत, आणि ती पुस्तक देत नाही.”

“का?”

“तिचं अजून व्हायचंय म्हणते. आणि आता मावशीपण नंबर लावून बसलीय.”